सोन्याच्या खुंट्या

एका राज्यात राजवाड्याच्या परसात गोड रसाची झाडं होती. थंडी ओसरू लागली की खोडाला भोक पाडायचं, त्यात वेळूची नळी बसवायची, खाली घडा टांगायचा. थेंब थेंब रस जमे आणि आटवला की त्याचा मधासारखा पाक होई. राजा विश्ववीर पाकाचा इतका वेडा, की त्याने एकेका खोडाची चाळण करून टाकली.

वाटेने चाललेल्या एका मायावीने ते पाहिलं. तो संतापून राजाला म्हणाला, "जसजशी ही झाडं खालावतील, तसतशी तुझी कन्या लाकूड होईल. लाकूड काळजाला भिडलं की ती संपली. शेवटची जखम मिटेल, तेव्हाच शाप सुटेल."

त्याच संध्याकाळी राजकन्या शशिप्रभेचा डावा पंजा लाकडाचा झाला.

राजवैद्य होता एक धनेश पक्षी. मादी अंड्यांवर बसली की ढोलीचं तोंड लिंपून टाकायचं, ही त्याच्या जातीची रीत. खोड पाहून तो म्हणाला, "भोक दिसलं की बुजवावं, महाराज. यात वैद्यकी ती कसली!"

राजाने सोन्याच्या खुंट्या घडवल्या आणि स्वतः ठोकायला घेतल्या. वाड्यातून किंकाळी आली. लाकूड कोपरापर्यंत चढलं होतं.

शशिप्रभा धावत परसात आली. "तात, तुमचा प्रत्येक ठोका माझ्या हाताला लागतो. झाड आपली जखम मिटवू पाहतंय, आणि तुम्ही मध्ये पाचर मारताय!"

"सोन्याची आहे, बाळ."

"पाचर ती पाचरच!"

मग तिने तीन कामं सांगितली. सगळ्या नळ्या काढा. राजाने काढल्या. साल न दुखवता खुंट्या उपसा. राजाने घाम गाळून उपसल्या.

"तिसरं, आता काही करू नका."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"काही नाही."

"ते कसं करतात?"

शशिप्रभेने कपाळावर हात मारला. राजा सकाळी भोकात बोट घालून बघे, दुपारी चंदन चोपडी. धनेश चोचीत चिखल घेऊन फांदीवर तयारच असे.

"राजवैद्य, उडा इथून!"

"महाराजांची आज्ञा आहे."

"तात, तुम्हीही आत व्हा!"

लाकूड खांद्यावर आलं. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "आणखी चार बोटं, तात. मग तुमच्यावर चिडायलाही मी उरणार नाही."

राजा त्या दिवसापासून परसात आपल्याच हातांवर बसून राहिला. दोन पावसाळे गेले. सालीच्या कडा जवळ येत गेल्या, लाकूड उतरत गेलं. अखेर झाडांवर एकच चीर राहिली, आणि शशिप्रभेची तेवढी बोटं लाकडाची. राजाला राहवेना. तो लेपाची वाटी घेऊन हळूच सरकला. "इवलासाच..."

त्याच क्षणी चीर मिटली, आणि कुणीतरी त्याचं मनगट घट्ट पकडलं. डाव्या हाताने. पाचही बोटं उबदार होती.

"ठेवा ती वाटी," शशिप्रभा म्हणाली.

राजाने वाटी ठेवली आणि तो हात गालाशी धरून रडला.

पुढे राज्यात नेम झाला. जाड खोडाला हंगामात एकच भोक, तेही जुन्या व्रणापासून लांब. कोवळ्या झाडाला हात लावायचा नाही. कळ्या फुगल्या की नळी काढायची आणि मागे फिरायचं. पाक थोडाच होई. राजाला वाटीभर मिळे, ती त्याला कधीच पुरत नसे, आणि दुसरी तो कधीच मागत नसे.