शनिवारचा धूर

धूर सगळ्यांना दिसत होता. तो पाहूनही ज्यांनी मान वळवली, त्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी.

फार फार पूर्वी समुद्रकाठी एक राज्य होते. तिथे यहुदी तेली राहत. शुक्रवारी सांजेला ते दिवा लावत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्या दिवशी त्यांच्या घरी चूलसुद्धा पेटत नसे. शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत आणि रविवारी त्यांच्याकडूनच तेल नेत.

डोंगरापलीकडच्या राज्यातही त्यांचे भाऊबंद होते. तिथला राजा मात्र त्यांचा द्वेष करी. त्याने त्यांची प्रार्थनाघरे मोडली, विहिरी बुजवल्या. मग तिकडून निरोप येणेच थांबले.

शेगुलाबाई नावाच्या तेलिणीची बहीण तिकडे दिली होती. बहिणीला सोडवून आणा, असे म्हणत ती दरबारात आली. पलीकडच्या राजाला मीठ हवे होते आणि त्याचा करार व्हायचाच होता. तेव्हा समुद्रकाठच्या राजाने दोन दूत धाडले. थोरला चांगला मुरलेला होता. धाकटा पहिल्यांदाच निघाला होता, आणि तो शेगुलाबाईच्या शेजारी वाढलेला होता.

पलीकडच्या राजाने थाटात स्वागत केले. यहुद्यांची चौकशी करताच तो हसला आणि म्हणाला, उद्या सज्जातून त्यांची आळी बघा, किती सुखात आहेत ते कळेल.

दुसरा दिवस शनिवार होता. आळी झाडून लख्ख केलेली होती. दारादारांत माणसे हसत उभी होती, आणि प्रत्येक छपरातून धूर निघत होता.

धाकटा कठड्याशी सरकला. त्याने नीट पाहिले. अंगरखे कोणाला आखूड होते, कोणाला ढगळ.

"काका, ही ती माणसं नाहीत," तो कुजबुजला. "कपडे त्यांचे आहेत. मग ती कुठंयत?"

थोरला विडा चघळत होता. "हळू बोल. गेल्या साली आलो तेव्हाही असाच धूर होता. यजमानाच्या घरात काय दिसलं, ते पाहुण्यानं बोलायचं नसतं. करार होऊ दे, मग बघू."

राजाच्या क्रूरपणाची तयारी करून धाकटा आला होता. याची तयारी त्याने केली नव्हती.

मेजवानीला इतर राज्यांचे दूतही होते. करार पुढे आला. धाकट्याने आपल्या राजाची मोहर उचलली, मुठीत धरली आणि तो भरल्या पानावरून उठला.

"महाराज, ज्यांच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही, त्यांच्या आळीत आज छपराछपरातून धूर निघतोय. ज्यांच्या अंगावरून ते कपडे उतरवलेत, ती माणसं मला दाखवा. तोवर मोहर उठणार नाही आणि मीठ मिळणार नाही."

इतर दूतांनी हात आवरले. त्याच सज्जातून त्यांनीही ती आळी पाहिली होती. आता कोणी कोणाकडे बघेना. राजाने बराच वेळ वाट पाहिली, पण कोणी घास उचलला नाही. शेवटी त्याने मान हलवली.

किल्ल्यामागचे कोठार उघडले. गोणपाटे गुंडाळलेली माणसे डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. शेगुलाबाईची बहीण त्यांत होती. तिचा नवरा आणि लेक नव्हते. ते गेल्या थंडीत आतच दगावले होते.

उरलेल्यांना घेऊन दूत समुद्राकडे निघाले.

शिष्टाचारापायी गिळलेले सत्य कोणाच्या तरी जिवावर उठते.

निघताना थोरल्याने कोठाराच्या पहारेकऱ्याला खालच्या आवाजात विचारले, की हे दार इतक्या सहज कसे उघडले.

पहारेकरी म्हणाला, "किल्ली गेल्या सालीही माझ्याच कमरेला होती. तुम्ही विचारलं नाहीत."