स्टेपनीचं कुंकू

फार वर्षांपूर्वी, घाटाखालच्या एका गावात अंतोबांची मोटार होती. तिचे चार टायर रस्त्यावर पळत आणि पाचवा, म्हणजे स्टेपनी, डिकीच्या अंधारात पडून असे. तरी दर सोमवारी अंतोबा चौघांची हवा तपासत, खाचांत अडकलेले खडे काढत आणि शेवटी डिकी उघडून तिच्यावर टिचकी मारत. "तू बरी आहेस ना, बाई?" असं विचारून तिचीही हवा बघत. त्या टिचकीसाठी स्टेपनी आठवडाभर वाट पाहायची.

अंतोबा गेले आणि मोटार त्यांच्या मुलाकडे, निशिकांतकडे आली. दसऱ्याला त्याने गाडीला झेंडूचे हार घातले, चाकांना हळदकुंकू वाहिलं, पुढे लिंबू-मिरची बांधली. हवा मात्र कुणाचीच पाहिली नाही.

"माझी हवा उतरतेय रे," स्टेपनी आतून म्हणाली.

"आपली पूजा झालीय. आता काय होतंय?" टायर म्हणाले.

भाऊबीजेला निशिकांत आईला घेऊन मामाकडे निघाला. ऐन वळणावर मागचा टायर फुटला. गाडी भेलकांडत गेली आणि दरीच्या कठड्याला टेकून थांबली. खाली उतरून त्याने डिकीतली स्टेपनी बाहेर काढली. तिच्यातही हवा नव्हती.

"पूजा तर केली होती," तो पुटपुटला.

आईने पदराने स्टेपनीवरची धूळ पुसली. धुळीखाली कुंकवाचं एक जुनं, फिकट बोट होतं. तिने त्यावरून हात फिरवला.

"पूजा तुझे बाबाही करायचे," ती म्हणाली. "पण आधी हवा भरायचे."