तीनशे आणि अकरा

मंडळी, एक विचारतो. दोन माणसं तुमच्यासमोर आली. एक छाती पुढे काढून म्हणतो, मी तीनशे जणांना व्यायामाला लावलं. दुसरा मान खाली घालून म्हणतो, माझ्याकडून अकराच झाले. विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई करू नका. ज्याने घाई केली, त्याचीच ही कथा आहे.

एकदा एका राजाच्या ध्यानात आलं, की आपली प्रजा बसून बसून आजारी पडते आहे. गादीवरचे दुकानदार, कचेरीतले कारकून, सोनार, शिंपी दिवसभर मांडी मोडत नाहीत आणि चाळिशीतच जिना चढताना धापा टाकतात. राजाने दोन गावांना वर्षभराचं अनुदान दिलं. अट एकच, जे हलत नाहीत त्यांना हलतं करा. वर्षअखेर अनुदान कोणाचं चालू ठेवायचं, हे ठरवण्याचं काम एका वृद्ध आचार्यांकडे आलं. आचार्य पूर्वाश्रमीचे व्यापारी. त्यांनी पाहणी शिष्यावर सोपवली. शिष्य बुद्धिमान होता, अक्षर मोत्यासारखं होतं आणि स्वतःच्या मोजणीवर त्याचा फार जीव होता.

पहिल्या गावाने चावडीशेजारी नवी तालीम बांधली होती. मऊ लाल माती, वर दूध-बदामाचा खुराक फुकट. शिष्याने पहाटे दारात उभं राहून डोकी मोजली. तीनशे भरली.

दुसऱ्या गावात तालीम नव्हतीच. तिथल्या पंचांनी तान्हाबाई नावाच्या एका बाईला पगारावर ठेवलं होतं. रोज सकाळी ती बैठ्या माणसांच्या दारात जाई आणि माणूस बाहेर पडेपर्यंत तिथून हलत नसे.

"गोंदाजी, उठा!"

"पाय दुखतोय गं आज."

"मग दुखरा तेवढा घेऊन चला. चांगला राहू द्या घरी."

हे गोंदाजी पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमाच्या दोऱ्यात गुंफून देणारे कारागीर. तीस वर्षं एका जागी बसलेले. पहिल्या महिन्यात ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, मग नाक्यापर्यंत, आणि वर्ष संपता संपता नदीपर्यंत. नदीपलीकडे दीड कोसावर त्यांची लेक दिलेली होती. तिला मुलगा झाला होता. बैलगाडीचे हिसके गोंदाजींच्या कमरेला सोसत नसत, म्हणून नातू अजून पाहिला नव्हता. "पाडव्याला पायी जाणार बघा," त्यांनी शिष्याला सांगितलं होतं. शिष्य हसला, आणि त्याने वहीत चालू लागलेल्यांचा आकडा लिहिला, अकरा.

दुसऱ्या गावाचं अनुदान थांबलं, पहिल्याचं दुप्पट झालं. आचार्यांनी वहीवर शिक्का मारला.

चार महिन्यांनी पहिल्या गावाने आचार्यांना सत्काराला बोलावलं. तीनशे जण रांगेत उभे होते. आचार्य रांगेतून चालू लागले, पण कोणाच्या तोंडाकडे बघेनात. प्रत्येकाचा कान तेवढा निरखून बघत पुढे जात. लोक एकमेकांना कोपरं मारून हसू लागले. शिष्य शरमला. म्हाताऱ्याला झालं तरी काय?

एका गड्यापाशी आचार्य थांबले. त्याचा कान कुस्तीत रगडून रगडून गाठीसारखा घट्ट झाला होता.

"असा कान मोडायला किती वर्षं लागतात रे?"

"आठ-दहा वर्षं मातीत घासावा लागतो, महाराज!" गडी अभिमानाने म्हणाला.

"आणि गेल्या वर्षापर्यंत कुठे घासत होतास?"

"नदीकाठच्या जुन्या तालमीत. इथे खुराक फुकट, म्हणून आलो. सगळेच आलो की."

आचार्य हार न घेताच निघाले आणि शिष्याला नदीकाठी घेऊन गेले. जुन्या तालमीच्या दाराला कुलूप होतं. फटीतून आत पाहिलं, तर कुस्तीच्या हौद्यातली माती दगडासारखी झाली होती आणि तीत गवत माजलं होतं.

आचार्य हळू आवाजात म्हणाले, "तरुणपणी मी बाजारात दुसरं दुकान काढलं. पहिल्याच महिन्यात झुंबड उडाली. मी गावभर पेढे वाटले. दिवाळीत जुन्या दुकानात डोकावलो, तर मुनीम माशा मारत बसलेला. गिऱ्हाईक तेच होतं, नुसता रस्ता ओलांडून आलं होतं. बाळ, आलेले तू मोजलेस. पण त्यांतला काल घरी बसलेला कोण, आणि अनुदान नसतं तरी आलाच असता असा कोण, हे विचारलं नाहीस. त्या तीनशेंत सुटलेलं पोट एक तरी दिसलं का तुला? आणि मी? मला हे सगळं ठाऊक असूनही मी वही न उघडता शिक्का मारला. माझा दोष तुझ्याहून मोठा आहे."

आचार्यांनी राजाकडे जाऊन चूक कबूल केली. नवा हुकूम घेऊन शिष्य स्वतः दुसऱ्या गावात धावला. गोंदाजी आपल्या जागेवरच होते.

"या गुरुजी, बसा. बसण्यात आमचा हात कोणी धरणार नाही!"

"गोंदाजी, अनुदान पुन्हा मिळालं. तान्हाबाईंना बोलवू या."

"ती कसली येते? नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली लांबच्या मुलखात. पोट आहे ना तिलाही."

"मग दुसरं कोणी येईल."

"येईल की." गोंदाजींनी धोतर वर करून पाय दाखवला. घोटा सुजून चकचकीत झाला होता. "ती गेल्यावर आठ दिवस एकटा चाललो मी. खोटं नाही सांगत. नवव्या दिवशी गिऱ्हाईक आलं. दहाव्या दिवशी म्हटलं, उद्या जाऊ."

"आणि पाडवा?"

"गेला. नातू आता पावलं टाकायला लागलाय म्हणे. म्हणजे आता त्यानेच यायचं मला बघायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य स्वतःच गोंदाजींच्या दारात उभा राहिला. त्याच्या खांद्यावर हात टाकून गोंदाजी चार घरं चालले आणि पाचव्या घराच्या ओट्यावर बसले. तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, शिष्याने वही उघडली आणि अकराच्या आकड्याखाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "यांतला एक माझ्यामुळे थांबला."

मंडळी, अशी वही कधी ना कधी तुमच्याही हाती येईल. तिच्यात आपल्यामुळे कोण चालू लागला हे लिहा, आणि आपल्यामुळे कोण थांबला हेही लिहा. हिशेब खरा ठेवा, एवढीच हात जोडून विनंती.