मागबघी

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे एसटीचा रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते, तिथे कुत्र्यांचे एक टोळके राहत असे. पावसाळ्यात ते देवळाच्या पडवीत झोपे, थंडीत उकिरड्याच्या उबेला झोपे; पण उन्हाळ्यात त्यांना झोपलेले कुणी पाहिलेच नाही. गावातली माणसे सावली धरून बसत आणि ही मंडळी रोज सकाळी उठून एखादा डोंगर चढून येत. वर वारा असे, करवंदीच्या जाळ्यांत गारवा असे आणि 'हाड हाड' करायला कुणी नसे. असा उन्हाळाभर डोंगर पालथे घालणे हा त्यांचा सणच होता म्हणा ना!

टोळक्याचा नायक होता एक उंच काळा कुत्रा. छाती ही एवढी आणि शेपटी कायम वर. तो सर्वांच्या पुढे चाले आणि वाटेतल्या प्रत्येक झाडाशी थांबून तंगडी वर करी. मुलांनो, नाक मुरडू नका, कुत्र्यांची सही अशीच असते. चढताना सह्या करत जायचे आणि उतरताना त्याच सह्या हुंगत घरी यायचे, ही त्यांची रीत. "मी आहे आणि माझं नाक आहे, वाटेची काळजी कशाला?" असे तो ऐटीत म्हणे. त्याच्यामागून चालणारा ठिपक्या लगेच म्हणे, "वा दादा, वा!" ठिपक्याचे अंग पांढरे, त्यावर काळे ठिपके, आणि डोक्यात स्वतःचे असे फारसे काही नाही.

सर्वांत शेवटी आखूड पायांची एक भुरी कुत्री असे. त्या पायांमुळे तिला प्रत्येक वळणावर दम खायला थांबावे लागे, आणि थांबली की ती तोंड फिरवून आलेल्या वाटेकडे पाहत राही. आधी ती सहज पाही. मग तिच्या ध्यानात आले, की चढताना दिसतो तो डोंगर वेगळा आणि वळून पाहिले की दिसतो तो डोंगर वेगळा. खालून जो नुसता दगड वाटे, तोच वरून पाहिला की एखाद्या जनावरासारखा दिसे. ही गंमत तिला फार आवडे. डोंगर म्हणजे तिला जीव की प्राण होता. टोळक्याने मात्र तिचे नाव पाडले होते, मागबघी.

वैशाखातल्या एका सकाळी टोळके पहिल्यांदाच सर्वांत उंच डोंगरावर निघाले. वर कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे, असे त्यांनी ऐकले होते. त्यातले गार पाणी पिऊन संध्याकाळच्या आत परतायचे, असा बेत होता. पायथ्याचा झरा मागे पडला. दुभंगलेला मोठा खडक मागे पडला. पुढच्या वळणावर मागबघी थांबली आणि मान फिरवणार, एवढ्यात वरून आवाज आला.

"काय गं मागबघी, शेपूट विसरून आलीस की काय खाली?" असे म्हणून ठिपक्या खो खो हसू लागला. हसता हसता तो तिथल्या मातीत चारी पाय वर करून लोळला.

नायक मात्र हसला नाही. "तुझ्यामुळे आम्हाला रोज ताटकळावं लागतं," तो गुरगुरला. "आता पुन्हा मागे पाहिलंस, तर उद्यापासून डोंगरावर यायचं नाही. पडवीत बसून माश्या मार!"

उद्यापासून डोंगर नाही? मग उन्हाळा कशाला उगवायचा? मागबघीने मान खाली घातली आणि ते वळण न पाहताच ओलांडले. पुढच्या वळणावर तिने डोळे घट्ट मिटून पाहिले, पण तिथे एक चपटा कातळ लागला. तिला राहवले नाही. थोडे वर जाऊन तिने एकदाच, अगदी चोरून, मागे पाहिले, तर तो कातळ डबक्यात बसलेल्या म्हशीसारखा दिसला.

"झालं!" नायक वरून ओरडला. "उद्यापासून तू खालीच."

माथ्यावर पोचल्यावर मागबघी सगळ्यांपासून दूर बसली आणि हा आपला शेवटचा डोंगर, असे मनाशी म्हणत चहूकडे पाहून घेऊ लागली. तिला फार वाईट वाटत होते.

टाक्यात पाणी नव्हते. तळाशी वाळलेल्या चिखलाच्या खपल्या तेवढ्या होत्या. "उतरून झऱ्यावर पिऊ, त्यात काय!" असे नायक म्हणतो आहे, तोच खालून धुराचा लोट उठला. उतारावरचे वाळके गवत पेटले होते. वणवा तडतडत वर सरकला. माथा म्हणजे उघडा कातळ, म्हणून आग तिथवर आली नाही; पण कुत्री एकमेकांना चिकटून बसली. तासाभरात गवत संपले आणि आगही विझली. राख निवेपर्यंत सगळे दम धरून बसले. मग नायकाने अंग झटकले आणि "चला!" म्हणून नाक जमिनीला लावले.

त्याला एक जोरदार शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. जिकडे तिकडे राख! ज्या झुडपांवर सकाळी एवढ्या ऐटीत सह्या केल्या होत्या, ती झुडपेच जळून गेली होती. तरी नायक हार मानीना. "इकडून," म्हणत तो निघाला आणि मंडळी थेट कड्याच्या टोकावर पोचली. त्याच्या पायाखालचा एक धोंडा निसटला, आणि तो खाली आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. दुसऱ्या खेपेला तो "तिकडून" म्हणाला आणि फिरून फिरून पुन्हा त्याच कोरड्या टाक्याशी आला. ऊन उतरू लागले होते. जिभा बाहेर लोंबत होत्या. ठिपक्या 'वा दादा' म्हणायचे विसरला होता.

"दादा, बोलू का?" मागबघीने हळूच विचारले.

"बोल."

"मला वाट दिसते आहे."

"कुठे दिसते? सगळं काळं झालंय!"

"गवत काळं झालंय, दादा. दगड तर जागच्या जागी आहेत. ती बघा, खाली म्हैस बसली आहे. मी मघाशी वळून पाहिली होती ना, तीच!"

नायकाने पाहिले. सकाळी त्याच कातळावरून तो गेला होता, पण त्याला म्हैस दिसली नव्हती. त्याने एकदा कड्याकडे पाहिले, एकदा तिच्या आखूड पायांकडे पाहिले आणि तो बाजूला झाला. "हो पुढे," तो म्हणाला.

मागबघी आयुष्यात पहिल्यांदा टोळक्याच्या पुढे चालू लागली! म्हशीच्या कातळापर्यंत ती तडक पोचली. तिथून मात्र उताराला तीन घळी फुटत होत्या आणि तिन्ही सारख्याच काळ्या होत्या. ती थबकली.

"आता कुठून?" नायकाने विचारले.

"पुढचं वळण मला ठाऊक नाही. तिथे मी मागे पाहिलंच नाही."

नायकाचे कान पडले. का पाहिले नाही, हे त्याला चांगलेच ठाऊक होते. "तिथेच मी तुला दटावलं," तो पुटपुटला. "चुकलंच माझं."

मागबघी ठिपक्याच्या पाठीकडे टक लावून पाहत होती. "हलू नकोस!" ती एकदम म्हणाली. "ही तांबडी माती तुला कुठे लागली?"

ठिपक्या लाजून अर्धा झाला. "तुला हसताना लोळलो ना, तिथेच."

"मग तांबडी माती शोधा!" मागबघी भुंकली. "जिथे ठिपक्या लोळला, तीच आपली वाट!"

नायक सर्वांत उंच. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि मान ताणून तिन्ही घळींत पाहू लागला. "डावीकडची!" तो ओरडला. "काळ्यात तांबडा डाग दिसतोय!" सगळे तिकडे धावले. तिथे उघड्या मातीत ठिपक्याच्या पाठीचा ठसा अजून तसाच होता. आपल्या मूर्खपणाचा एवढा उपयोग होईल, असे ठिपक्याला स्वप्नातही वाटले नव्हते. तो पुन्हा एकदा लोळला, या खेपेला आनंदाने.

पुढचे सगळे मागबघीच्या डोळ्यांत होते. तो दुभंगलेला खडक. त्याच्या फटीतून नेमके दिसणारे देवळाचे पत्र्याचे छप्पर, उतरत्या उन्हात चकाकणारे. आणि त्या छपराच्या रोखाने सरळ खाली, वणव्याच्या तावडीतून सुटलेल्या हिरव्या उंबराखाली, झरा! सगळे पाण्यात तोंडेच काय, पोटेही बुडवून प्यायले. सर्वांत आधी प्यायली मागबघी, कारण नायकाने बाकीच्यांना अडवून धरले होते.

पोटभर पिऊन झाल्यावर तिने भीतभीत विचारले, "दादा, उद्या मी पडवीतच बसू ना?"

"अगं, तू नाही आलीस तर आम्ही परत कसे येणार?" नायक म्हणाला. "उद्याचा डोंगर कुठला, तेही तूच सांग."

यावर टोळक्याने असा काही गलका केला, की गावातली माणसे ओट्यावरून उठून पाहू लागली. ठिपक्याने सवयीने "वा..." म्हणायला तोंड उघडले, क्षणभर विचार केला आणि मग सारा जीव लावून म्हणाला, "वा ताई, वा!"

दुसऱ्या दिवशी टोळके नव्या डोंगरावर निघाले. नायकाने पहिल्या झाडाशी सही केली. जन्माची खोड ती, कशी जाणार? पण पाय खाली टेकवल्यावर त्याने मान वळवून मागे पाहिले. त्याच्यामागून ठिपक्याने पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. आणि सर्वांच्या पुढे, आखूड पायांवर छाती काढून, मागबघी चालली होती.

तात्पर्य : चढण्याच्या घाईत परतीची वाट विसरू नये, आणि मागे राहणाऱ्याला हसण्याआधी त्याने काय पाहिले ते विचारावे.