शेवटच्या वावराची फळी

आवळशेतच्या बंधाऱ्यावर गेलात तर पाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेल्या दोन खाचा दिसतील. त्या खाचांत सागाची एक जाड फळी बसते. फळी वर उचलली की पाटाला पाणी सुटतं, खाली सोडली की बंद होतं. पाहण्यासारखं त्यात खरं तर काही नाही, अशा फळ्या शंभर ठिकाणी असतील. पण पाळी संपली की पाटाचं तोंड दगडमातीने बुजवतात आणि ही फळी काढून नेतात. ती बंधाऱ्यावर राहत नाही आणि गावातल्या कुणा मोठ्या घरातही राहत नाही. पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, ज्याचं वावर सगळ्यांत शेवटी भिजतं, त्याच्या ओसरीवर ती भिंतीला टेकवून ठेवलेली असते. पाळीच्या दिवशी तो माणूस ती खांद्यावर घेऊन चालत वर येतो.

असं का, हे विचारायचं तर गोविंदतात्या आरगड्यांना. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत, स्वभाव थोडा तिखट. पाहुण्यांना ते आधी पायातलं काढून बंधाऱ्यावरून खाली उतरायला लावतात आणि मगच तोंड उघडतात. एका शहरी पाहुण्याने त्यांना विचारलं होतं, "तात्या, वर कुणी साहेब नसताना गाव चालेल का हो?" तात्या म्हणाले, "चालंल का ते मला ठावं न्हाई. एकदा कसं चाललं, आन कसं पडलं, तेवढं सांगतो." त्यांनी सांगितलेली गोष्ट ती हीच.

फार पूर्वी आवळशेतला एक पाटील होता. बंधाऱ्याशेजारच्या टेकाडावर त्याची गढी होती आणि ही फळी गढीत असायची. पाटलाची मर्जी असेल तेव्हा पाणी सुटे, नसेल तेव्हा नाही. पाटाच्या अगदी टोकाला देवजी नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं. एका वर्षी उभं पीक माना टाकताना त्याला बघवेना. दुपारी पाटील झोपलेला असताना त्याने गढीतून फळी पळवली, खाचांत बसवली आणि पाणी सोडलं. तो पकडला गेला. पाटलाने तीच ओली फळी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्याला वैशाखाच्या उन्हात गढीच्या पायरीवर दिवस मावळेपर्यंत उभं केलं. देवजी त्यातून उठला नाही, महिन्याभरात गेला. त्याला शेवटचं पाणी पाजलं ते त्याच्या सुनेने. तिचं नाव भागू. पुढे तिचा नवराही साथीत गेला आणि ते टोकाचं वावर एकट्या भागूच्या पदरी आलं.

त्यानंतर काही वर्षांनी मुलखात धामधूम झाली. फौजा येताहेत असं ऐकून पाटील एका सकाळी बायकामुलं गाड्यांत घालून घाटाखाली निघून गेला. फौज काही आली नाही, पण पाटीलही परतला नाही. पुढे तो तिकडेच वारला म्हणे. पाटील गेला हे पक्कं झालं त्या दिवशी आवळशेतमध्ये सण झाला. लोकांनी गढीचा दरवाजा काढून त्याची होळी केली, फळी आणून बंधाऱ्यावर टाकली आणि जोखाईच्या देवळात भंडारा उचलून सगळ्यांनी शपथ घेतली, की आजपासून या गावात कुणी कुणाला हुकूम करणार नाही. भागू देवळाच्या पायरीवर बसून पोटभर रडली. तिला वाटलं, आता मामंजींच्या जिवाला शांत वाटेल.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. बंधाऱ्याचे निखळलेले दगड लोकांनी हसत खेळत बसवले, पाटातला गाळ दोन दिवसांत उपसला. दुसऱ्या वर्षी गाळ काढायला निम्मी माणसं आली. उरलेल्यांना चला म्हणायचं कुणी? म्हणणं म्हणजे हुकूम, आणि हुकूम न करण्याची तर शपथ. शपथेचा असा अर्थ लावून गाव गप्प बसलं. आवळशेतच्या लोकांची चूक काय झाली असेल तर ती हीच, असं तात्या म्हणतात. हुकूम करायचा नाही आणि बोलायचंही नाही, या दोन गोष्टी त्यांनी एकच धरल्या.

तिसऱ्या वर्षी पाटात लव्हाळा माजला. बंधारा चार ठिकाणी पाझरू लागला. ज्याचं वावर वर, तो आधी दारं धरी, म्हणजे पाणी आपल्या रानात वळवून घेई, आणि मन भरेपर्यंत धरी. त्यात कुणी दुष्ट होता असं नाही. प्रत्येकाला वाटे, मी घेतो ते एवढंसंच. सगळ्यांत वरचं वावर रखमाजी गाड्याचं होतं. त्याचे बांध फुटून पाणी रस्त्यावर वाही आणि टोकाला भागूच्या गव्हाला भेगा पडत. ती रोज पाटाच्या कडेने आपलं पाणी शोधत वर चालत जाई. कुठे खेकड्याने भोक पाडलंय, कुठे कुणी चोरून मोरी केलीय, सगळं तिला पाठ झालं होतं. सांगायला जावं तर समोरचा म्हणे, "वैनी, हुकूम करतीस व्हय?" मग ती निमूट परत फिरे.

फाल्गुनात गहू लोंबीवर आला. दाणा भरायला एक पाणी हवं होतं, शेवटचं. बंधाऱ्यात होतं नव्हतं ते पाणी सगळ्यांना दिसत होतं. वरच्या दोघांची जुंपली, खोऱ्याने एकाचं डोकं फुटलं, आणि त्याच दिवशी गाव देवळात जमलं. पाच म्हातारे उठून म्हणाले, हे आपल्याच्याने होत नाही. घाटाखाली जाऊ आणि पाटलाच्या मुलाला, मानकोजीला, पाया पडून घेऊन येऊ. जाऊन यायला आठ दिवस. कुणी नाही म्हणालं नाही.

भागू हे ऐकत होती. गावात सगळ्यांत कोरडं वावर तिचं, पाटील आला तर कदाचित तिला पाणी मिळालंही असतं. पण तिला दिसत होती ती गढीची पायरी. बायामाणसांच्या घोळक्यातून ती उभी राहिली. देवळात बाईमाणसाने उभं राहून बोलायची तेव्हा रीत नव्हती.

"तुमी आठ रोजानं येणार," ती म्हणाली, "गहू काय आठ रोज थांबतोय? तवर फळी माज्याकडं द्या."

"तुज्याकडं का म्हून?" कुणीतरी विचारलं.

"माजं वावर शेवटाला हाय म्हून. पाटाचं एकूणएक भोक मला ठावं हाय. वरल्या समद्यांचं भिजल्याबिगर माज्यापतूर थेंब येत न्हाई, मग मी पाणी वाया कशी जाऊ दीन? ह्या जोखाईफुडं सांगते, समद्यांचं रान भिजल्याबिगर मी माजं दारं धरणार न्हाई."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. हिला देण्यात कुणाचं काही जात नव्हतं. आणि आठच दिवसांचा तर प्रश्न होता. म्हातारे घाटाकडे गेले आणि भागूने फळी खांद्यावर घेतली. तीच ती फळी, मामंजींच्या डोक्यावरची. 

तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तिने पाण्याच्या घंगाळात सोडली. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. ज्याचं जेवढं रान, तेवढ्या वाट्या. घंगाळ तिने मुद्दाम वाटेवर मांडलं, म्हणजे येणारा जाणारा बघेल. कुणाच्या पाळीआधी त्यालाच बरोबर घेऊन ती त्याच्या हद्दीतली भोकं बुजवून घेई. सांगण्यात जरब नव्हती. "भावजी, हितं पाणी जातंय बगा," एवढंच ती म्हणे. लोक खोरं उचलत.

पण पाचव्या दिवशी तिला कळून चुकलं. बंधाऱ्याच्या पोटातल्या फटी आठ दिवसांत बुजणाऱ्या नव्हत्या. पाणी तिच्या वावरापर्यंत पुरणार नव्हतं. अजून निम्मी वावरं बाकी होती आणि त्यांत रखमाजीचंही होतं, कारण दोन पाळ्यांचं पाणी आधीच खाल्लं म्हणून गावाने त्याला मागे ठेवलं होतं. भागूने त्या दिवशी घंगाळापाशी बसून वाट्यांचा हिशेब केला. प्रत्येकाची एक वाटी कमी केली असती तर तिचं रान भिजलं असतं. नुसत्या रखमाजीला वगळलं असतं तरी भिजलं असतं, आणि त्याच्याबद्दल गावात कुणी हळहळलंही नसतं. तिला त्याचा रागही होता, तीन वर्षांचा. तिने वाटी उचलली, पुसली, पुन्हा पाण्यात सोडली. फळी हातात आल्यावर आपल्या मर्जीने एकाला द्यायचं आणि एकाला नाही, हे करायला आवळशेतमध्ये पूर्वी एक माणूस होताच.

सातव्या दिवशी रखमाजी भांडायच्या तयारीने आला. वाटीवर नजर ठेवून तो उकिडवा बसला. त्याच्या वाट्याच्या चौदा वाट्या बुडाल्या, एकही कमी नाही. मग त्याने विचारलं,

"वैनी, तुज्यापतूर पुरंल का?"

"न्हाई पुरायचं."

"मग मला का देतीस?"

"तुजी पाळी हाय म्हून," भागू म्हणाली आणि फळी खाली सोडली.

आठव्या दिवशी सकाळी बंधाऱ्यात नुसता चिखल उरला. भागूच्या वावराच्या बांधाशी पाट ओला झाला होता, पण आत थेंब गेला नव्हता. राहिलं होतं ते बंधाऱ्याखालच्या डोहातलं पाणी. ते पाटाला चढत नाही, भांड्यानेच काढावं लागतं. भागूने घागर घेतली. डोहातून भरायची, पाऊण मैल चालायचं आणि एका वाफ्यात ओतायची. दोन खेपांत एक वाफाही भिजेना. तिला रडू येत होतं आणि ती रडत रडत चालत होती.

रखमाजीची आई साळू दारात बसली होती. तिने दोन खेपा पाहिल्या. तिसऱ्या खेपेला म्हातारी उठली, चुलीमागची घागर घेतली आणि भागूच्या मागे चालू लागली. आई उन्हात पाणी वाहते म्हटल्यावर रखमाजीला घरात बसवेना. तो निघाला, त्याला बघून शेजारचे निघाले. कुणी हाक मारली नव्हती. काही लोक म्हणतात, जोखाई अंगात आली. तात्यांना ते पटत नाही. ते म्हणतात, लाज आली. आणि लाज आली तरी पुष्कळ झालं. उन्हं चढली तोवर डोहापासून वावरापर्यंतच्या पायवाटेवर माणसांची रांग लागली होती. कुणाच्या डोक्यावर घागर, कुणाच्या हातात हंडा, कुणाकडे नुसता तांब्या.

नेमके त्याच वेळी म्हातारे मानकोजीला घेऊन आले. तो घोड्यावर होता आणि पायवाट चिंचोळी होती. समोरून येणारी भरल्या घागरींची रांग बघून तो चकित झाला. बापाच्या वेळी इतकी माणसं एका कामाला लावायला शिपाई आणि चाबूक लागत, हे त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हा हुकूम कुणाचा?" त्याने विचारलं.

सांगायला नावच नव्हतं. रांग चालत राहिली. त्याने आवाज चढवून पुन्हा विचारलं. रांगेत पुढे रखमाजी होता. डोक्यावरचा हंडा सावरत, वर न बघता तो म्हणाला,

"सरका जरा, पाणी सांडतंय."

मानकोजीने घोडा गवतात घातला. रांग त्याच्या शेजारून गेली, रिकामी होऊन परत आली, पुन्हा भरून गेली. तो खाली उतरून बघत राहिला. मग म्हाताऱ्यांना म्हणाला, "मला कशापायी आणलंत?"  तो तसाच घाटाकडे परत फिरला. पाचही म्हातारे घागरी शोधायला घरी गेले.

भागूचं निम्मं वावर वाचलं. निम्मं गेलं ते गेलंच, तात्या ते लपवत नाहीत. आठ दिवसांची मुदत संपली तेव्हा भागू फळी परत द्यायला देवळात आली, पण घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. पुढच्या पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे दगड बसवायला गाव झाडून आलं. त्या वेळी एकमेकांना हाका मारून, प्रसंगी शिव्या घालून लोकांनी एकमेकांना घराबाहेर काढलं म्हणे.

आजही फळी शेवटच्या वावराच्या ओसरीवर असते. आता गावात ग्रामपंचायत आहे, तलाठी येतो, पाण्यावरून तोंडातोंडीही होते. पण फाल्गुनातल्या पाळीला पाटाला पाणी सुटायच्या आधी प्रत्येक घरातून एक माणूस डोहातून घागर भरतो आणि शेवटच्या वावरात नेऊन ओततो. त्या दिवशी पायवाटेत कुणीही उभं असो, आमदार असो की कलेक्टर, त्याला एकच वाक्य ऐकावं लागतं.

गोष्ट इथवर आली की तात्या थांबतात. गोष्ट ऐकता ऐकता पाहुणे हमखास पायवाटेच्या मधोमध येऊन उभे राहिलेले असतात. मागून एखादी बाई येते, डोक्यावर भरलेली घागर, आणि म्हणते, "सरका जरा, पाणी सांडतंय." पाहुणे चटकन गवतात उतरतात. ती निघून जाते. तात्या त्यांच्या गवतातल्या पायांकडे बघतात आणि मिशीत हसून विचारतात, "का हो, हुकूम कुणाचा?"