अंताजीपंतांची पुलाची अर्जी

नदीच्या अलीकडं एक गाव होतं आणि गावाची शेतं सगळी पलीकडं. मधे पूल नाही. एक जुना डोंगा होता, तो दर पावसाळ्यात कुणाला तरी बुडवायचा. त्या गावात बुडालेल्याचं नाव घेत नसत. नाव घेतलं की नदी आणखी एकाला नेते, असं म्हणायचे.

गावात लिहिणारा एकटाच, अंताजीपंत. लोक म्हणाले, "पंत, राजाला पुलासाठी अर्जी लिहा." पंतांनी टाक उचलला. ठकूबाई म्हातारी पुढं आली. म्हणाली, "माझ्या सुनेचं लिहा. गोजराचं. पोटुशी होती, गेली डोंग्यातनं."

पंत म्हणाले, "गप बस. नाव काढू नको. आणि राजाला काय करायची तुझी सून? अर्जीत दाखले भारी लागतात."

मग घातले भारी दाखले. चातक पावसाची वाट बघतो, तसे आम्ही पुलाची बघतो. चकोर चंद्राकडं बघतो, तसे आम्ही राजाकडं बघतो. हसताय कशाला रे पोरांनो? तुमच्या निबंधात तरी दुसरं काय असतं?

राजानं अर्जी ऐकली, मान डोलावली. "गोड लिहितो हो हा," म्हणाला आणि पंतांना शाल पाठवली. पूल काही पाठवला नाही. पंत आपले शाल पांघरून गावभर मिरवले.

त्याच श्रावणात पंत पलीकडं शेतात होते. त्यांची लेक यमू भाकरी घेऊन निघाली. डोंगा उलटला.

पंतांनी पुन्हा टाक उचलला. गाव म्हणालं, "नाव लिहू नका." पंतांनी लिहिलं. "माझी यमू डोंग्यातून माझी भाकरी घेऊन येत होती. टोपली काठाला लागली, यमू लागली नाही. पूल द्या." एवढंच.

राजा जेवत होता, ते ऐकून त्यानं पुढचं ताट बाजूला सरकवलं. पाऊस सरताच दगड आले, पाथरवट आले, पूल झाला.

सगळं गाव पुलावरून पलीकडं गेलं. पंत काठालाच बसून राहिले. ठकूबाई शेजारी टेकली.

पंत म्हणाले, "बोल काय बोलायचं ते."

"काय बोलू? तेव्हा माझ्या गोजराचं लिहिलं असतंत, तर आज तुमची यमू सगळ्यांच्या पुढं पळाली असती."



तात्पर्य: म्हणणं पटवायचं तर शोभेचे दाखले कामाला येत नाहीत. आपल्यात खरंच जे घडलं, ते नावानिशी सांगावं, आणि वेळेत सांगावं.