करकोच्यांच्या पाळण्यातली मऊ जागा

डोंगरमाथ्यावरच्या एका दाट रानात एक म्हातारी सशीण आपल्या थोरल्या मुलाजवळ राहत असे. तिची धाकटी लेक होती दूर, दोन नद्यांपलीकडच्या तळ्याकाठी. आता मुलांनो, सशाचे पुढचे पाय आखूड; त्याला चढण सोपी, उतार अवघड. आणि नदीचे तर नावच नको. पण थंडी पडली की उत्तरेकडून करकोचे पाहुणे म्हणून येत आणि जाईपर्यंत एक मोठा पाळणा चालवीत. वेताचा लांबट पाळणा, त्याला वेलींचे दोर, आणि ते दोर छातीला बांधून उडणारे बळकट करकोचे. डोंगरावरचे प्राणी त्यात बसून तळ्याकाठी जात आणि पळस फुलला की परत येत.

जे प्रवासी दरवर्षी न चुकता येत, त्यांना पाळण्यात पुढची बैठक मिळे. बैठक म्हणजे काय, तर गवताची एक लांब चटई आणि कडेला बुटका कठडा. सगळे खांद्याला खांदा लावून बसत. कुणाची शेपटी कुणाच्या नाकात जाई, कुणी घोरे, कुणी वाटेतच शिदोरी सोडी. सशीण नेहमी कठड्याच्या कडेला बसे. पहिली नदी ओलांडली की खाली एक पिवळा माळ लागत असे. शेजारी बसणारे कासव तिला म्हणे, "वहिनी, आला बरं का तुमचा माळ." मग सगळे थोडे थोडे सरकत आणि सशीण कठड्यावर हनुवटी टेकून खाली पाही.

त्या माळावर तिचा संसार झाला होता. हिवराच्या झाडाखाली, गवतात दाबून केलेल्या उबदार खळग्यात तिची सगळी पिल्ले जन्मली होती. एका उन्हाळ्यात माळाला वणवा लागला. तिने आणि तिच्या धन्याने पिल्ले तोंडात धरधरून ओढ्यापार नेली. शेवटचे पिल्लू आणायला धनी पुन्हा धुरात शिरला. पिल्लू धडपडत बाहेर आले. धनी आला नाही. तेच पिल्लू म्हणजे ही तळ्याकाठची धाकटी. पुढच्या पावसाने माळावर गवत पुन्हा उगवले, पण सशीण तोवर पोरांना घेऊन, उन्हाने आटलेली नदी ओलांडून, डोंगर चढून गेली होती. तिथे परतायचे तिच्या पायांत बळ उरले नाही. म्हणून वर्षातून एकदा जाताना आणि एकदा येताना ती वरूनच त्याला घरची खबर सांगे. "थोरल्याला यंदा जुळं झालं. धाकटीचा राग अजून नाकावरच आहे, अगदी तुमच्यासारखा." एवढेच बोलायचे असे, आणि तेवढ्यात माळ मागे पडे.

एका वर्षी करकोचे आले ते नवाच पाळणा घेऊन. पुढची बैठक पार बदलून गेली होती. सुगरण पक्ष्यांनी पावसाळाभर खपून प्रत्येकाला वेगळे, बंदिस्त घरटे विणून दिले होते. भिंती डोक्याच्या वरपर्यंत. आत सावरीचा कापूस अंथरलेला, पाय पसरून आडवे होता येईल एवढी ऐसपैस जागा, उशाशी पाण्याने भरलेला शिंपला. दाराला पानांचा पडदा. पडदा ओढला की बाहेरचे जग संपले.

पाळण्यात प्रवाशांची सरबराई करायला एक साळुंकी होती. ती गोड गळ्याने म्हणाली, "मंडळी, आपलं स्वागत असो. शेपट्या आत घ्या. पाळणा उचलतोय."

सशीण कापसात बसली आणि तिच्या दुखऱ्या कमरेने सुटकेचा श्वास सोडला. खरेच, इतके मऊ तिला आयुष्यात काही लाभले नव्हते. पण पाळणा वर गेला, वारा कापीत निघाला, आणि तिला एकदम जाणवले, की आपल्याला काहीच दिसत नाही. तिने मागच्या पायांवर उभे राहून पाहिले. कान भिंतीच्या वर गेले, डोळे गेले नाहीत.

तिने पडदा सारून हाक मारली, "साळुंकीबाई, पहिली नदी गेली का गं?"

"आजी, तुम्ही निवांत पडा ना. आता कुठे पोचलो, किती राहिलं, कसली म्हणून काळजी करायची नाही."

"काळजी नाही गं. माळ आला की मला सांगशील? पिवळा माळ आहे, मधोमध हिवराचं झाड."

साळुंकी जरा घुटमळली. "वाटेत कुणाला हाक मारायची नाही, असं आम्हाला सांगितलंय, आजी. सगळ्यांची झोपमोड होते."

सशिणीने शेजारच्या भिंतीवर पंजाने टकटक केले. "कासवभावजी! अहो भावजी!" पलीकडून मंद घोरणे ऐकू आले. तिने दातांनी भिंत कुरतडून पाहिली. सुगरणीची वीण कसली तुटते! मग ती कान टवकारून बसून राहिली. एकदा खालून वाळल्या गवताची सळसळ आल्यासारखी वाटली. ती घाईघाईने म्हणाली, "अहो, मी चाललेय बरं का धाकटीकडे." पण तो माळ होता, की नुसता वारा, हे तिला कळले नाही. सांगायचे ते सगळे तसेच राहिले. थोड्या वेळाने पाळणा खाली टेकला. तळे आले होते.

उतरताना करकोच्यांचा म्हातारा नायक दाराशी उभा होता. नवी बैठक कशी वाटली, हे तो प्रत्येकाला विचारीत होता.

कोल्हा अंग ताणत म्हणाला, "वा! राजाच्या गुहेतसुद्धा असा थाट नाही. आणि मुख्य म्हणजे शेजारी कोण बसलंय ते बघावं लागत नाही."

साळिंदराचे डोळे भरून आले होते. "आज जन्मात पहिल्यांदा मला कुणी 'जरा तिकडे सरक' म्हणालं नाही," ते म्हणाले.

कासव म्हणाले, "माझ्या पाठीवर घर, आणि आज त्या घरालाही घर! मस्त झोप लागली."

मोराचे मात्र बिनसले होते. "पिसाऱ्याचा विचार कुणी केलाय? घडी घालून बसावं लागलं मला. आणि एवढा नटून येतो, तर बघायला समोर कुणी नको?"

नायकाने सशिणीकडे मान वळवली. "आणि म्हातारे, तुला?"

सशिणीच्या ओठांवर सगळे आले होते. पण मागे रांग खोळंबली होती, सुगरण पक्षी कौतुक ऐकायला फांदीवर बसले होते. "छान आहे. मऊ आहे हो अगदी," असे म्हणून ती उतरली.

लेकीकडे सारे काही होते. कोवळी लव्हाळी होती, नाचरी नातवंडे होती. तरी सशिणीचे चित्त थाऱ्यावर नव्हते. चरता चरता ती थांबे आणि मावळतीकडे पाहत बसे. एके दिवशी लेकीने तिला गाठलेच.

"आई, तू आल्यापासून हरवल्यासारखी का वागतेस? कुठं दुखतंय का?"

"दुखत नाही गं. यंदा तुझ्या बाबांना भेटायचं राहिलं." आणि सशिणीने भिंतींची गोष्ट सांगितली.

लेक फणकाऱ्याने म्हणाली, "मग तिथंच नायकाला सांगितलं का नाहीस?"

"सगळे छान म्हणत होते. एवढं मऊ अंथरून दिलं त्यांनी. त्यात खोट काढायची म्हणजे कसं दिसेल?"

"खोट काढू नकोस, पण हवं ते माग तर खरं! बाबांना पुन्हा धुरात शिरायचं होतं, तेव्हा त्यांनी 'कसं दिसेल' म्हणून विचार केला का?"

सशिणीने लेकीचे कान चाटून साफ केले; लहानपणी करायची तसे.

पळस फुलला आणि परतीचा दिवस आला. साळुंकीने पानांचा पडदा अदबीने बाजूला धरला. पण सशीण आत न जाता तशीच नायकासमोर जाऊन उभी राहिली.

"नायकभाऊ, मी गेल्या खेपेला अर्धंच बोलले," ती म्हणाली. "जागा मऊ आहे, हे खरं. पण मला त्यात खालचं दिसत नाही. माझा धनी त्या माळावर आहे. त्याला वर्षाची खबर सांगायची असते मला. पुढच्या वर्षी माझं यायचं होईल, न होईल."

नायकाने तिच्याकडे मान झुकवली. "तू कठड्यावर हनुवटी टेकून बसायचीस, ते मी बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, म्हातारीला झोप येते, टेकायला नीट काही नाही. तेही मनात धरूनच या भिंती उंच करवल्या."

सशिणीने वळून त्या उंच भिंतींकडे पाहिले.

"भिंती आता निघायच्या नाहीत," नायक पुढे म्हणाला. "वीण एकात एक आहे, एक सोडवली तर सगळीच उसवेल. मागे उघड्यावर जागा होईल. पण तिथं वारा झोंबतो. सोसवेल का?"

"सोसेन."

पाळण्याच्या मागच्या भागात उंदीर, बेडूक, सरडे दाटीवाटीने बसले होते. अगदी कडेला एक मुंगूस अंग चोरून पडले होते. नागाशी झुंजताना त्याच्या अंगाची चाळण झाली होती, आणि डोंगरावरची औषधी मुळी लावून घ्यायला ते निघाले होते.

सशीण त्याला म्हणाली, "बाबा रे, पुढं माझी जागा आहे. कापूस अंथरलेला आहे. तू तिथं जा आणि ही कड मला दे."

मुंगसाला खरे वाटेना. "आजी, थट्टा करताय का? असली जागा सोडून कुणी इथं येतं?"

"जिला खाली बघायचंय, ती येते. ऊठ, अंग सांभाळून जा."

मुंगूस लंगडत गेले, कापसात शिरले, आणि साळुंकीने पडदा ओढण्याआधीच झोपी गेले. वेदनेने कित्येक दिवसांत त्याचा डोळा लागला नव्हता.

पाळणा उडाला. वाऱ्याने सशिणीचे कान पाठीवर सपाट झाले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. शेजारची बेडकी म्हणाली, "आजी, माझ्या आडोशाला बसा." तिचा आडोसा तो केवढा! पण सशीण तिला खेटून बसली. दुसरी नदी मागे पडली, आणि पुढे माळ उलगडत आला. पिवळा, वाऱ्याने हलणारा, कडेकडेने पळस पेटलेला.

सशीण बोलू लागली. पण वारा असा, की शब्द ओठांवरूनच उडून जात होते. "धाकटीला चार झाली," ती ओरडली, आणि तिचे तिलाच ऐकू आले नाही. तिने असहायपणे पुढे पाहिले.

तेवढ्यात नायकाने पंख स्थिर केले. त्याच्यामागून बाकीच्यांनीही केले. पाळणा हळूहळू खाली उतरला, इतका खाली, की गवताचे तुरे दिसू लागले, आणि करकोच्यांनी हिवराच्या झाडाभोवती एक संथ घिरटी घातली. वारा थांबल्यासारखा झाला.

"अहो," सशीण म्हणाली, "धाकटीला चार झाली. एकाची पाठ थेट तुमच्यासारखी आहे. थोरल्याचं बरं चाललंय. माझी कंबर धरते, पण चालायचंच. जाताना भेटायचं राहिलं, रागावू नका. मला दिसत नव्हतं." ती थोडी थांबली. "अजून तुमच्याशिवाय थंडी जात नाही."

खालच्या गवतात कुणीतरी हलले. कुणाचे तरी तरणे कान क्षणभर वर आले, पाळण्याच्या सावलीला दचकले आणि पुन्हा गवतात बुडाले. माळावर ससे परत आले होते. तिच्या ओळखीचे नव्हते, पण होते. सशीण मान वळवून वळवून पाहत राहिली, माळाची पिवळी रेघ धुक्यात मिसळेपर्यंत.

डोंगरावर उतरल्यावर नायकाने पुन्हा सगळ्यांना विचारले. मुंगूस म्हणाले, "तुमच्या कापसात मला आईच्या कुशीसारखी झोप लागली. ती जागा कधी मोडू नका." सशीण गारठून लाकूड झाली होती. ती म्हणाली, "माझ्यासारखीला मात्र कडेची उघडी जागा ठेवा." दोघांचेही बोलणे नायकाने मान हलवून ऐकले. त्या दिवसापासून बसण्याआधीच तो प्रत्येकाला विचारू लागला, "तुला झोपायचंय, की बघायचंय?"

तात्पर्य : एकाचे सुख ते दुसऱ्याचे सुख असेलच असे नाही. म्हणून देणाऱ्याने आधी विचारावे, आणि ज्याच्या मनात ओढ आहे त्याने भीड सोडून ती बोलून दाखवावी.